कुठल्या गठ्ठ्यात

परळ. रात्रीचे दोन दहा.
रक्तपेढीतला लेबलांचा प्रिंटर गप्प
आणि पडद्यावर एकच ओळ,
सभ्य, ठाम, वॉर्ड ऑफिसच्या खिडकीसारखी:
फाईल सापडत नाही.

पागधरे बाई चष्मा कपाळावर चढवून उठल्या.
कपाटाची किल्ली कमरेला होतीच.
"कुठली फाईल? कोणत्या सालची?"
तसली नाही हो बाई,
ही यंत्राच्या आतली. लिबजीथ्रेड.
शेवटी डॉट, एसओ, डॉट, शून्य.
त्या थांबल्या. किल्ली तशीच बोटांत.
"बरं. पण असते कुठल्या गठ्ठ्यात?"

सात वर्षं हे काम करतोय,
इतका नेमका प्रश्न एकाही साहेबानं विचारला नव्हता.

आधी डीपीकेजीला विचारलं.
तो स्वभावानं घरकोंबडा:
घरात आलंय त्याची खडानखडा माहिती,
उंबऱ्यापलीकडचं काही विचारा, मान हलवतो.
बाहेरचं जाणतो तो एपीटी-फाईल,
आणि तोच इथे बसवलेला नव्हता.
म्हणजे शोधणाऱ्यालाच आधी शोधून आणा.
हॉस्पिटलचं इंटरनेट असल्या पाहुण्यांना आत सोडत नाही,
म्हणून माझाच डेटा,
खिडकीच्या गजाला टेकवलेला फोन,
आणि थेंब थेंब उतरणारी यादी:
कधी न उघडलेल्या हजारो पुडक्यांत
कोण कोण दडून बसलंय.

तोवर बाई हातानं लेबलं लिहीत होत्या.
बी पॉझिटिव्ह. पिशवी क्रमांक. तारीख. मुदत.
एकेक आकडा दोनदा गिरवून,
मग मोठ्यानं वाचून,
मग मला वाचायला लावून.
ऑपरेशन थिएटरचा माणूस दुसऱ्यांदा येऊन
दारातूनच बघून गेला.
सत्तावीस टक्के.
एकतीस.

नावावरून शोधायला जातो आणि तिथेच फसतो आपण.
आत जीथ्रेड, तर पुडक्यावरही जीथ्रेडच लिहिलेलं असणार, असं वाटतं.
मी नायगावात राहतो त्या खोलीवर पाटी घैसासांची,
विजेचं बिल कैलासवासी वारंगांच्या नावानं,
आत आम्ही तिघं,
त्यात घैसास एकही नाही, वारंग एकही नाही.
आईनं कुरिअरनं पाठवलेले सांडगे एकदा परत गेले,
या नावाचं इथे कोणी राहत नाही, असा शेरा घेऊन.
मी आतच होतो.
दाढी करत होतो.

एकसष्ट.
डेटा संपत आल्याचा मेसेज.
शहाण्णव, आणि तिथेच बराच वेळ.
शंभर.

नाव टाकलं, एका ओळीत पत्ता आला:
जीथ्रेड राहतो ग्लिबकडे.
जीऑब्जेक्ट, जीमॉड्यूल, जीआयओ,
सगळी भावंडं तिथेच, एका छपराखाली,
दारावर मात्र पाटी एकट्या ग्लिबची.
पुडकं एवढंसं. यायला अर्धं मिनिट.

प्रिंटर खाकरला,
एक कोरं लेबल उगाच बाहेर टाकलं,
मग काळ्या बारीक रेघा, खाली आकडे.
बाईंनी ते आपल्या हातच्या लेबलाशेजारी धरलं,
अक्षर न् अक्षर ताडलं,
आणि पिशवी थिएटरच्या माणसाकडे दिली.
त्यानं आभारबिभार मानले नाहीत. जिना धावत चढला.

मग त्यांनी लाल कापडी पाठीची वही काढली,
ज चं पान उघडलं.
"तू काय, कंत्राटावरचा.
पुढच्या वर्षी असशील-नसशील.
जी दीर्घच ना?"
दीर्घच, म्हटलं.
आणि त्यांनी लिहिलं, दोन जुन्या ओळींच्या खाली:

जंतुनाशक, जादाचं: मागची खोली, निळं पिंप.
जनरेटरची चावी: सोनटक्क्यांचा खण, टाचण्यांच्या डबीत.
जीथ्रेड: ग्लिबच्या गठ्ठ्यात.