बोटांना मुंग्या

कोराडीच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं
बॉयलरच्या पाण्याची नाडी पाहिली मी.
त्यामुळे घरच्या माशांच्या टाकीतला प्रोब
जेव्हा नऊ पॉइंट चार म्हणाला,
त्याला सरळ खोटारडा ठरवून मोकळा झालो.
मासे तर मजेत होते.
थेंबांच्या चाचणीचा रंगही साडेसातचाच.

मग सुश्रूषा.
काचेचा फुगा मऊ ब्रशने धुतला,
रात्रभर पोटॅशियम क्लोराईडमध्ये निजवला.
चारच्या बफरात चार, सातच्या बफरात सात,
परीक्षेतल्या हुशार पोरासारखा.
टाकीतलं पाणी चहाच्या ग्लासात काढलं:
सात पॉइंट सहा.
टाकीत सोडला:
नऊ पॉइंट चार.
पाणी तेच. प्रोब तोच.

बाहेर मे महिना, सेहेचाळीस,
हुडकेश्वरच्या रस्त्यावर डांबराला चप्पल चिकटायची.
पुष्पकला रोज दुपारी
बर्फाची बाटली टाकीत सोडायची,
मासे उकडू नयेत म्हणून,
आणि पदराला हात पुसत म्हणायची,
"मुंग्या येतात जी बोटांले."
बी-ट्वेल्व्ह कमी असेल, मी म्हणायचो.
गोळ्याही आणून दिल्या.

आठव्या दिवशी एकेक पिन उपसत गेलो.
दिवा काढला. नऊ पॉइंट चार.
हवेचा पंप. नऊ पॉइंट चार.
राहिला तिसरा,
गेल्या साली बदललेल्या कूलरचा पंप,
पाणी फिरतं राहावं म्हणून मीच बसवलेला,
चांगला चालतो, कशाला फेकायचा.
त्याची पिन काढली
आणि आकडा जिना उतरावा तसा
आठ,
सात पॉइंट आठ,
सात पॉइंट सहा, आणि तिथेच बसला.

पिन पुन्हा लावून मल्टिमीटर धरला,
एक टोक पाण्यात, एक अर्थिंगला.
बेचाळीस व्होल्ट.
वायरीला केसाएवढी चीर.
मासे आपले तारेवरच्या पाखरांसारखे.

सांगायला स्वयंपाकघरात गेलो.
ती कैरीच्या फोडींना मीठ लावत होती.
"यंत्राचं तं आठच दिवसांत ऐकलं तुमी,"
ती म्हणाली,
"मी पंधरा दिवसांपासून सांगून रायली."
फोडी मोजल्यासारख्या बरणीत टाकत राहिली.

पंप भंगारात गेला, वायर कापून.
गोळ्यांची पट्टी अजून फ्रिजवर आहे,
चार उरल्यात.

दुपारी ती बाटली घेऊन आली
आणि टाकीपाशी थांबली.
मीटरकडे बघितलंच नाही तिने.
मी बाही कोपरापर्यंत चढवली
आणि आधी माझा हात
पाण्यात घातला.