उशीचा वास

तेंदूपत्त्याचा बोनस खात्यात पडला अन् ठरलं,
दिवाळी झाली की नागपूर. दोन रात्री. चौघं.
हर्षालीला मेट्रोत बसायचं होतं,
ह्यांना मेट्रोत बसलेली हर्षाली पाहायची होती,
मला फक्त एक खोली अशी हवी होती
जिथं रात्री तिचा दम्याचा पंप
उशाशी नाही, बॅगेत राहील.

आमच्या टोल्यात रेंज येते चिंचेखाली.
तिथं उभी राहून मी लॉजवाल्यांना फोन लावले.
"खोलीत कोणी ओढत नाही ना जी?"
पहिला म्हणाला, खिडकी आहे ना ताई.
दुसरा म्हणाला, अगरबत्ती लावून देतो, फुकट.
तिसऱ्याला वाटलं मीच ओढते,
म्हणाला, बिनधास्त या, लेडीजलाही चालते आपल्याकडं.
चौथ्यानं फोटो पाठवला.
पांढरी चादर, चादरीवर टॉवेलचा हंस.
आता हंसाला काय विचारावं!

मामंजी ओट्यावरून ऐकत होते.
चाळीस वर्षं बिड्या वळल्या त्यांनी,
दिवसाला हजार, सूपभर पानं मांडीवर घेऊन.
अंगठ्याचं नख अजून कात्रीवानी.
म्हणाले, फोनातून वास येते का कधी?
मी जाऊन हुंगून येतो.

आणि खरंच गेले, सकाळच्या पॅसेंजरनं.
डब्यात भाकर अन् लाखोळीची भाजी,
खिशात पत्त्यांची चिठ्ठी हर्षालीच्या अक्षरात.

रात्री आले ते पाय न धुता सांगायला बसले.
भिंत हुंगू नये, भिंतीला रंग मारता येते.
पडदा हुंगावा.
अभ्रा काढून आतली उशी हुंगावी,
तिच्यात दहा-दहा वर्षांची माणसं निजून असतात.
गणेशपेठेत एके ठिकाणी पाटी होती,
'धूम्रपान सक्त मनाई',
अन् पाटीच्या मागं थोटूक खोचलेलं.
दुसरीकडं उशीला नाक लावलं अन् पटकन ओळखलं:
पान आपल्या जंगलाचं, वळाई आपल्याकडची.
"आपलाच माल गे सूनबाई."
हसले. मग हसणं अर्ध्यातच ठेवलं.

शेवटचं धंतोलीत, गल्लीच्या आत.
खोब्रागडेबाई म्हणून आहेत, त्याच चालवतात.
चाव्यांचा जुडगा घेऊन दारात उभ्या राहिल्या,
म्हणाल्या, हुंगा, पैसे नंतर.
पडदा, उशी, गादीची खालची बाजू,
न्हाणीतला पंखासुद्धा खुर्चीवर चढून.
फिनाईल अन् ऊन, बाकी काही नाही.
मामंजी म्हणाले, जरासा येते पण, कुठून तरी.
बाईनं नाक वर केलं, दोनदा.
"काका, खोली साफ आहे.
वास तुमच्या सदऱ्याचा आहे."

एवढं सांगून मामंजी कोपऱ्यातल्या
पाण्याच्या गुंडाकडं पाहत राहिले.
मग म्हणाले,
"तिघांचे भरून आलो. पावती चिठ्ठीतच आहे."

मी काही बोलली नाही.
हे बाहेर जाऊन उगाच सायकलची हवा पाहू लागले.
हर्षाली निजली आहे असं आम्हांला वाटत होतं.

सकाळी अंगणात दोरीवर पाच सदरे.
होते तेवढे सगळे. निळीचं पाणी टपकतंय,
अन् मामंजी बनियानवर, हात मागं बांधून,
नापास होऊ घातलेल्या पोरासारखे.
हर्षाली टाचा उंचावून एकेक सदरा हुंगत चालली होती.
हा पास. हापन पास.
तिसऱ्यापाशी थांबली, खोकली नाही, नुसती थांबली.
"आबा, खिसा."

मामंजी म्हणाले, सदरे धुवून होतील बापू,
छाती कोणत्या दोरीवर टाकू?
तिनं ते ऐकलं नाही, ऐकलं असेल.
चौथ्याकडं गेली.

मी चिंचेखाली गेली. फोन लावला.
म्हटलं, बाई, एक गादी वाढवा.
काकांची का? सोडली त्यांनी?
मी वळून अंगणाकडं पाहिलं.
"सांगता येत नाही जी," म्हटलं,
"दोन सदरे पुन्हा भिजत टाकले आहेत."