वात्रट वळण

ओचं पोट पहिल्याच दिवशी गळून पडलं.
पुठ्ठ्यातून गोल कापला, उचलला,
आणि आतली चकती घरंगळत गेली
टेबलाखाली, थेट मांजरापाशी.
पूल विसरलीस, लिव्हिओ म्हणाला.
स्टेन्सिलमध्ये पोटाला पूल लागतो,
नाहीतर ओ म्हणजे नुसतंच भोक.

त्रिएस्तेच्या बंदरामागे, तिसऱ्या मजल्यावर
मी एक फाँट बनवते आहे.
कॉफीच्या पोत्यांवर असायची तशी अक्षरं,
जस्ताच्या पत्र्यातून ब्रशने दाबून उतरवलेली,
पण माझी जरा उनाड हवीत.
बोरा वारा सुटला की इथली माणसं
टोपी धरून चालतात ना,
एक पाय इथे, दुसरा कुठे, तशी.

गुरुवारी संध्याकाळी कागद भिंतीला लावले.
सव्वीस अक्षरं, दहा आकडे,
एक प्रश्नचिन्ह, त्याचं टिंब मुद्दाम लांब जाऊन बसलेलं.
तिघं आली. तांबड्या पेन्सिली तीन, बाटली एकच.

लिव्हिओ होड्यांवर नावं रंगवतो.
तो मागे मागे सरकत दाराबाहेर गेला
आणि जिन्यावरून ओरडला,
इथून एस आठासारखा दिसतो!
द्रागा म्हणाली, बी गरोदर आहे,
डी नुसताच जेवलेला.
ओन्दिना, जिच्या हाताखाली मी कधीकाळी शिकले,
बोलली नाही. पट्टी काढली, पूल मोजले.
एकात तीन मिलिमीटर, दुसऱ्यात पाच,
केमध्ये पूल आहे की फट, ते केलाच ठाऊक.
रात्री दहापर्यंत माझ्या भिंतीला गोवर आला होता.

मी हो म्हणत गेले. हो, हो, लिहून घेतलं.
शाळेतून पोराची तक्रार यावी
तशी एकेक खूण लागत होती.

दोन आठवडे सगळं ऐकलं.
एसची कंबर आवळली, बीला उपास घडवला,
प्रत्येक पूल साडेतीन मिलिमीटर, प्रत्येक पूल ताठ.
क्यूची शेपटी कापताना हात जरा थांबला.
पण कापली.

पुन्हा गुरुवार.
लिव्हिओ जिन्यावरून म्हणाला, सगळं वाचता येतंय.
तेवढंच म्हणाला.
सव्वीस अक्षरं उभी होती
वर्गाच्या फोटोसाठी, ओले केस चापून.
ओन्दिना बराच वेळ चष्मा पुसत राहिली.
मी चुका दाखवल्या होत्या, निवेस.
वळण लाव असं कुठे म्हणाले होते?

खिडकी मी उघडी टाकली असेन, रागाने.
पहाटे बोरा आत शिरला
आणि जुन्या कागदांपैकी दोन घेऊन गेला.
एक अजून सापडलेला नाही.
दुसरा घेऊन सिल्व्हानो वर आला, पायात चपला नाहीत,
खालच्या मजल्यावरचा, बत्तीस वर्षं
गोदामात पोत्यांवर खुणा मारलेला.
हा क्यू तुझा? शेपटी बरोबर आहे.
मी म्हटलं, वाकडी आहे.
तो हसला. अगं, पोतं कधी सपाट असतं का?
आपण पोटावर लिहायचो.
भरलेल्या पोटावर अक्षर असंच घसरतं,
आणि ब्रशवाला ते घसरू देतो.

चहा न घेताच गेला.
मी उशीत कपडे कोंबले, घट्ट बांधली,
आणि तिच्यावर ए ठेवला. मग बी. मग सगळे.
जिथे फुगवटा तिथे पूल कलला,
रुंदी मात्र ओन्दिनाचीच, साडेतीन.
आता उनाडपणाला कारण होतं.
क्यूला शेपटी परत मिळाली.
बी तेवढा बारीकच ठेवला, द्रागाचं बरोबर होतं.

राहिलंय ते 'आणि'चं चिन्ह.
दोन पोटं, एक पाय, आणि कुठेही पूल टाका,
दुसरीकडून काहीतरी गळतंच.
लिव्हिओ म्हणतो, गाठ आहे ही.
द्रागा म्हणते, झोपलेलं मांजर.
उद्या गुरुवार.
पुठ्ठा आहे, सुरी आहे,
टेबलाखालून मांजर बघतंय,
आणि