जुडग्यातली दुसरी किल्ली

ब्रेमरहाफेन. बंदरामागची दुसरी गल्ली,
खलाशांच्या थकलेल्या पगारांचं कार्यालय.
जानेवारी, साडेचारलाच दिवे लागलेले.
वकीलबाई अन्त्ये ओल्टमान्स
कोट न काढताच सांगते,
"हाउके, तिसरं पत्र. तेही त्याला उघडत नाही."

तो म्हणजे रोडेलियो,
मालवाहू बोटीवरचा स्वयंपाकी, गाव इलोइलो.
सात महिन्यांचा पगार अडकलाय,
बोट लास पाल्मासच्या बाहेर नांगर टाकून.
कप्तान सगळ्यांची ईमेलं वाचतो,
म्हणून हिचं उत्तर कुलूपबंद जातं
आणि कुलूपबंदच राहतं.

मी नेहमीचं विचारतो,
घड्याळ बरोबर आहे का,
प्रोग्रॅम बंद करून परत चालू केलास का.
ती माझ्याकडे बघते,
तशीच बोटमालकांकडे बघत असणार.

जुडगा उघडतो.
त्याच्या एका पत्त्यापुढे दोन किल्ल्या:
एक दोन हजार एकोणीसची, तिला मुदतच नाही,
एक गेल्या ऑगस्टची.
नाव तेच, पत्ता तोच,
जुळ्यांत फक्त आईला दिसावा एवढाच फरक.
जुनीची जोडीची किल्ली एका लॅपटॉपमध्ये होती.
तो लॅपटॉप सांतुसच्या धक्क्यावरून पाण्यात गेला,
हे त्यानेच लिहिलेलं, विनोद म्हणून.

म्हणजे तीन आठवडे आम्ही
समुद्राच्या तळाशी पत्रं टाकत होतो.

नवी निवडू गेलो तर प्रोग्रॅम विचारतो,
हिच्यावर विश्वास किती?
माहीत नाही. अजिबात नाही. थोडासा. पूर्ण.
खुर्चीत बसल्याबसल्या "पूर्ण" म्हणता येत नाही.
फोन लावावा लागतो.

पाणी पोचवणाऱ्या होडीवाल्याचा उसना फोन,
मागे भांड्यांचा आवाज.
रोडेलियो किल्लीचा ठसा वाचतो, चार-चार करून,
दहा आकडे आणि सहा अक्षरं, एवढीच बाराखडी:
डेल्टा सात शून्य अल्फा,
फॉक्सट्रॉट फॉक्सट्रॉट नऊ तीन,
थांब, कांदा करपतोय,
हं, इको दोन...
चाळीस झाल्यावर मी म्हणतो, जुळलं.
तो म्हणतो, आता तुमचा वाच.
तू कोण आहेस, मला काय माहीत?

बरोबर आहे. वाचतो.
माझा आवाज उगाच साक्षीदारासारखा होतो.

पत्र पाठवायला घेतलं, आणि
पहिले पाढे पंचावन्न.
प्रोग्रॅमचा हात पुन्हा जुनीवरच.

सेटिंग्जच्या चार दारांआड शेवटी सापडली
ती एक ओळ:
ह्या पत्त्याला नेहमी हीच किल्ली.
खाली तारीख, आणि विब्केची आद्याक्षरं.
विब्के ह्याच टेबलावर बसायची,
पेन्सिलीला टोक करून मगच फोन उचलायची.
मार्चमध्ये गेली.
उद्या कुणी त्याच्या नावाने खोटी किल्ली पाठवली
तर पोरं फसू नयेत,
म्हणून तिने बांधून ठेवलेली ही गाठ.

यंत्राचं काही चुकत नव्हतं.
ते गेलेल्या बाईचा शब्द पाळत होतं.

ओळ पुसताना विचारलं गेलं, नक्की?
अन्त्ये तेव्हा खिडकीकडे बघत होती.
काचेत बंदर नव्हतं, आम्ही दोघंच होतो.

सात वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं.
उघडलं. वाचतोय.
आत काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही,
माझं काम कुलपापाशी संपतं.
अन्त्येने कोट काढला, खुर्चीवर टाकला,
आणि काही न बोलता कॉफी ठेवली.

मी मात्र पडदा बंद केला नाही.
विब्केच्या यादीत खाली अजून अकरा ओळी आहेत,
अकरा पत्ते, प्रत्येकाला नेहमी हीच किल्ली.
पहिलं नाव बटुमीचं.
तिकडे आता रात्रीचे दहा वाजून गेले असतील.
फोन लावून बघतो.