आठ आणि आठ: चार

नाही, तो मोठा नको.
आठ स्पीकरांचा, कपाटाएवढा, माझ्याकडे आहे.
सव्वीस वर्षं आहे.
बँडमध्ये त्याला आम्ही सगळे साहेब म्हणतो.
येताना चौघांनी धरून आणायचा,
जाताना चौघांनी धरून पोचवायचा,
मधल्या वेळात तो एका जागी बसून घुमतो.

नोव्हेंबरात पिएक्सामॅकीच्या हॉलमागे
बर्फावर त्याचं एक चाक निखळलं.
ओस्मो म्हणाला, सोड.
मी सोडला नाही.
तेव्हापासून माझी पाठ वेगळी चूल मांडून राहते.

तर असं काही दाखव, जे मी एकटी उचलीन,
एकसष्टाव्या वर्षी, एका हातात.
दुसऱ्या हातात बास असतो
आणि दातांत गाडीची किल्ली.

तू मघापासून वॅट सांगतोयस,
पाचशे, आठशे, हजार.
वॅट म्हणजे ठरलेला पगार रे.
हातात किती पडतो ते ओहम ठरवतात.
हे तीन किलोचं डोकं
आठ ओहमला अडीचशे देईल, चारला पाचशे,
आणि दोनला जे देईल
ते धुराच्या रूपात देईल.

म्हणून आठ-आठचे दोन, बारा इंची.
शेजारी शेजारी जोडले
की आठ आणि आठ मिळून चार.
दोन अडथळे खांद्याला खांदा लावून उभे राहिले
की वाट रुंद होते, शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं.
(यालमारीचं नि माझं तसं जोडलेलं नव्हतं.
आम्ही एकामागे एक.
बेरीज होत गेली.)

आता ती वरची शिट्टी बंद कर.
बोटांच्या कसरती तू छान करतोस,
पण मला एकच सूर हवा.
खालची तार, मोकळी.
आणि मी बूट काढते.
हसू नकोस.
खर्ज मोज्यांतून तपासायचा असतो.

तळ्याकाठची आमची नाचघरं पाहिलीयस?
खांबांवर उभी, पाइनच्या फळ्यांची.
जूनमध्ये तिथे रात्र होत नाही, डास होतात.
लोक टँगो नाचतात तो असा गंभीर
की कर भरायला आलेत.
त्यांत ताउनो रेसानेन, करवतीच्या कारखान्यातला,
दोन्ही कानांनी ठार बहिरा,
आणि एकही ठेका न चुकवणारा.

गेल्या जुलैत पाठीसाठी म्हणून
मी उसना डबा लावला, टोपलीएवढा.
गायिका म्हणाली, किती स्वच्छ आवाज!
खरंच स्वच्छ होता.
ताउनो मात्र गाण्याच्या मध्यावर थांबला,
जोडीदारणीचा हात तसाच धरून,
खाली फळ्यांकडे बघत,
जिन्यात दिवा गेल्यावर माणूस थांबतो तसा.

मी तिथून त्याला काय सांगणार होते?
आणि ऐकणार कोण?

दहा वाजता पाटी पेटते: बायकांची निवड.
तासभर बायका जाऊन पुरुषांना उठवतात.
चाळीस उन्हाळे त्या तासाला मी मंचावर,
चार तारांत दोन्ही हात गुंतलेले.
उतरून कुणाला विचारलं नाही.
विचारायचं होतं की नाही,
ते आता आठवतही नाही.

हा घेते. हा करडा.
कोपरा खरचटलाय, त्याचे वीस युरो कमी कर.
दुसरा ऑगस्टमध्ये,
ओस्मोने उधारी फेडली तर.
तोवर हा एकटा, आठ ओहम, अडीचशे वॅट.
स्टँडवर नाही चढवणार,
पोट टेकवून फळीवर ठेवीन.

पिशवी नको.
बूट? घालते, थांब जरा.
हा बास धर.
खालची तार, मोकळी, घाई न करता.
तू वाजव.
मी तिकडे, दाराजवळ उभी राहते.