पाइप

पाइप माझा आहे.
म्हणजे कराकोलच्या अग्निशमन केंद्राचा,
पण एकोणतीस वर्षं माझ्याच खांद्यावर होता.
निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, काय हवं?
सगळे घड्याळ मागतात. मी हा मागितला.
कशाला, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

बुरुलला होतं.
तिनं तो अंगणात उलगडला, एका टोकाला कान लावला
आणि म्हणाली, याची दाबणी करायची.

खाली फळी, वर फळी, मधे साचा, साच्यावर पाइप,
पाइपात ट्रकच्या पंपाची हवा.
बाजारात मिळतात की स्नोबोर्ड, मी म्हटलं,
वापरलेले, जर्मन, स्वस्तात.
ते जर्मनांच्या वजनाचे असतात, ती म्हणाली.
यावर काय बोलणार?
तिचं वजन सत्तेचाळीस किलो,
त्यातले पाच तरी हट्टाचे.

लाकूड इसमार सुताराकडून आलं:
कालव्याकाठी पडलेला पॉप्लर, हलका, पण मनाचा कच्चा,
म्हणून दोन्ही कडांना ॲशच्या पट्ट्या,
कुठल्याशा मोडक्या घोडागाडीच्या.
मधे आठ मिलिमीटर, टोकांना दोन.
मी रंधा मारायचा, ती कॅलिपर घेऊन मागे उभी.
असिलकान ढलप्या गोळा करून चुलीत घालायची;
आठवडाभर आम्ही स्नोबोर्डचाच चहा प्यायलो.

एका जागी माझा हात अर्धा मिलिमीटर जास्त गेला.
बुरुलनं मापलं. पुन्हा मापलं.
काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

बाहेर उणे एकोणीस. थंडीत राळ धरत नाही.
तेव्हा स्वयंपाकघर.
दोन रात्री, असिलकाननं बजावलं,
आणि माझ्या टेबलावर एक थेंब सांडता कामा नये.
थेंब सांडलाच.
अजून आहे तिथे, मधासारखा पिवळा.
पाहुणे चमच्यानं खरवडून बघतात.
पण काचेचं कापड अंथरताना
तीच उठून आतून फुलांचं चीट घेऊन आली,
एवढी घाण केलीच आहे तर
दिसायला तरी बरं असू दे, म्हणाली.

मग हवा भरली.

आयुष्यभर मी या पाइपातून पाणी धावताना पाहिलं,
नेहमी थोडं उशिरा,
नेहमी कुणाचं तरी छप्पर आधीच बसलेलं.
त्या रात्री पहिल्यांदा तो काही विझवत नव्हता.
नुसता फुगून, श्वास रोखून,
एका लाकडाला वाकायला शिकवत होता.
मी शेजारी सतरंजीवर. दर तासाला काटा बघायचा.
तीन वाजता सुस्कारा ऐकू आला, क्लॅम्प सैल.
पाना सापडेपर्यंत मी तोंड दोन्ही हातांनी आवळून धरलं.
हातांना सांगावं लागलं नाही.

सकाळी दाबणी उघडली.
बुरुल बोटाच्या पेरानं वाजवत गेली, नाकापासून शेपटीपर्यंत,
ठक, ठक, ठक, ठक,
ठप.
आत हवेचा बुडबुडा, नाण्याएवढा.
नेमका कुठे, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

रविवारी ती गावामागच्या उतारावर चढली.
मी खाली, थर्मास घेऊन, देवदारांच्या आडोशाला.
पहिल्यांदा पडली. दुसऱ्यांदा पडली, शिवी दिली,
ती मात्र स्पष्ट ऐकू आली.
तिसऱ्यांदा वरून बर्फाचा धूर निघाला
आणि त्या धुरापुढे चिटाची फुलं,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
धूर पाहिला की माझे पाय आपोआप धावू लागतात.
थर्मास घट्ट धरून उभा राहिलो.

खाली येऊन तिनं टोपी काढली, केसांतून वाफ.
कसा आहे, मी विचारलं.
डावीकडे वळताना, ती म्हणाली,
बाबा, तुम्ही वाजता.

दुसरा स्नोबोर्ड घ्यायचा आहे करायला, इसमारच्या नातवासाठी.
रंध्याला मी हात लावायचा नाही, असं ठरलंय.
पंप मात्र माझ्याकडेच.