सिग्मा बरोबर एक

अमरावती रोडवर, विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर
पासष्ट हजार पाचशे छत्तीस बाण
एका रांगेत उभे आहेत माझ्या मशीनमध्ये.
वर, नाहीतर खाली. तिसरं काही त्यांना येत नाही.
बाहेर शेहेचाळीस अंश; कूलरच्या वाळ्याला
तीनपासून पाणी नाही.

गेडाम काका किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात:
"बाई, थे बाण अजून हालूनच राह्यले का?"
हो काका. अकरा दिवस झाले.
ठरत नाहीये त्यांचं.

रांगेत प्रत्येकाने फक्त शेजाऱ्याचं ऐकलं
तर एकमत टिकत नाही,
हे गणित कागदावर केव्हाच सुटलंय.
थोडी ऊब पुरते. मधेच कुणीतरी पाठ फिरवतो,
त्याच्यापुढचे सगळे त्याच्यासारखे,
आणि तुटल्याची किंमत तेवढीच,
पाच घरं फिरोत की पाच हजार.

म्हणून लांबच्यांनाही ओढ दिली,
अंतरासोबत विरत जाणारी, पण शून्य न होणारी.
किती झपाट्याने विरते, ते एका अक्षरावर.
सिग्मा एकाहून लहान असला तर
गारवा आला की रांग वळते, सगळी, एका दिशेला.
एकाहून मोठा असला तर लांबचे
असून नसल्यासारखे.
आणि बरोबर एक,
तिथे मी बसले आहे.

पांढरीपांडे सर निवृत्त होताना म्हणाले होते,
"एकाशी घाई करू नकोस.
तिथे फुटण्याची किंमत आणि फुटण्याची हौस
एकाच लॉगरिदमने वाढतात, एकमेकींकडे बघत.
बेरीज हळूहळू जमत नाही तिथे.
नसते, नसते,
आणि मग एकदम असते."

येताना माझी बस झिरो माइलवरून वळते.
त्या दगडी खांबावर गावं कोरली आहेत, पुढे मैल.
एवढ्या मैलांनंतर ओढ किती उरते
हे कोरायचं राहून गेलं.

रायपूरला माझा भाऊ असतो.
सहा वर्षं बोलणं नाही. बाबांच्या ऑपरेशनवरून झालं,
नेमकं कोण काय म्हणालं ते आता
दोघांनाही सांगता यायचं नाही.
दर उन्हाळ्यात आईच्या नावाने खोकं येतं,
पाव किलो चारोळी, चिठ्ठीशिवाय.
आई ते उघडत नाही, माळ्यावर टाकते.
पण त्या रात्री गच्चीवरची खाट
पूर्वेच्या कठड्याशी ओढून नेते,
म्हणते, इकडून वारा आहे.
मे महिन्यात, नागपुरात,
पूर्वेकडून वारा!

साडेसातला लाइट गेली.
यूपीएस कोकलतो, चार मिनिटं आहेत.
कोण कुठे तोंड करून उभा होता
तेवढं फाइलमध्ये उतरवून घेते.
उद्या इथूनच पुढे.

"मंग, कोणाकडं झाले थे?" काका अंधारातून.
कुणाकडेच नाही.

मोबाइलच्या उजेडात आम्ही जिना उतरतो.
उद्या रविवार, तरी येणार का, ते विचारतात.
येणार.

यंदा खोकं अजून आलेलं नाही.
खाट मात्र आईने कालच हलवली.